शस्त्राचं कपाळ

२६ ऑगस्ट १९५६, रविवार

ही यांची गेल्या सालची डायरी, जवळजवळ कोरी. दर वर्षी हौसेने आणायचे आणि दोन पानं लिहून सोडून द्यायचे. मला आज जे बोलायचंय ते लेकीपुढे, जयूपुढे बोलता येत नाही, आणि मोठ्याने बोलले तर फ्रीगंजातले शेजारी खिडक्या उघडतील. म्हणून लिहिते.

काल यांचं वर्षश्राद्ध झालं. आज सकाळी चहा होतो न होतो तोच भय्यासाहेबांनी घसा साफ केला. भय्यासाहेब म्हणजे माझे धाकटे दीर, ग्वाल्हेरला असतात. त्यांनी घसा साफ केला की समजावं, फर्मान निघणार.

"वहिनी, वर्ष झालं. आता उज्जैनचं आवरायला घ्या. दसऱ्याला मी येतो, शस्त्र ग्वाल्हेरला नेतो. तुम्ही आणि जयूही चला. हे घर भाड्याने लावू. जयूचं माघात बघू."

माघात बघू म्हणजे लग्न. पोरगी कॉलेजात इंटर सायन्सला आहे, बेडूक कापते, मला चारचौघांत बेडकाच्या काळजाचे कप्पे सांगते. आणि हे माघात बघणार!

शस्त्र म्हणजे यांचं पिस्तूल. अमेरिकन बनावटीचं, महाराजांच्या फौजेत होते तेव्हा घेतलेलं. आमच्या इंगळ्यांच्या तलवारी वाटण्यांत कुठे कुठे गेल्या, उरलं हे एक. आणि आमच्यात रीत अशी, की खंडेनवमीला ज्या घरी शस्त्र पुजतात ते थोरलं घर. बाकीचे सगळे त्या घराचं ऐकणारे. शस्त्र ग्वाल्हेरला गेलं की मी भय्यासाहेबांच्या घरातली. ते वाढतील ते खायचं आणि ते सांगतील तिथे पोरगी द्यायची. माणूस वाईट नाही हो. प्रेमानेच बोलत होते, म्हणून तर मला जास्त राग आला.

हे गेल्यापासून पिस्तूल पोलिसांच्या मालखान्यात जमा आहे. वारसाने लायसन्स काढायचं आणि सोडवून आणायचं.

मी म्हटलं, "वारस मी पण आहे. लायसन्स मीच मागितलं तर?"

भय्यासाहेब हसले. त्यांची बायको चारुलता साखरेचा चमचा तसाच हातात धरून म्हणाली, "अक्का, बायकांना देतात?" नवऱ्याची री ओढायला कायम पुढे!

"देतात का नाही ते मी बघते. दसऱ्यापर्यंत मिळालं तर शस्त्र इथेच राहील, आम्ही पण इथेच. नाही मिळालं तर ट्रंका मी माझ्या हाताने भरते. आहे कबूल?"

"कबूल," ते म्हणाले. अजून हसतच होते.

३० ऑगस्ट, गुरुवार

टांगा करून कोठीवर, कलेक्टर कचेरीत गेले. कलेक्टरसाहेब तरुण आहेत, टेबलावर फायलींचा ढीग. नोव्हेंबरपासून मध्यभारत संपणार, नवा प्रदेश होणार, राजधानी भोपाळ. त्याच्या आधी जुन्या रियासतीची लायसन्सं निकालात काढायचीत म्हणाले. माझा अर्ज वाचला आणि वर बघितलं.

"आप चला लेंगी?"

"इम्तहान ले लीजिए," मी म्हटलं. पदर डोक्यावर होता, पण आवाज काही पदराखाली नव्हता.

त्यांना मजा वाटली असावी. हुकूम लिहिला, की पोलीस लाइनीत दर बुधवारी सराव करू द्यावा, आणि बारा ऑक्टोबरला परीक्षा घ्यावी. हत्यार सुरक्षितपणे वापरता आलं तर लायसन्स. नाहीतर पिस्तूल दिराच्या नावावर. बारा तारीख म्हणजे खंडेनवमीच्या आदला दिवस. देव पण कसा मुहूर्त काढतो बघा.

५ सप्टेंबर, बुधवार

नानाखेड्याकडच्या माळावर चांदमारी आहे, पोलिसांची नेमबाजीच्या सरावाची जागा. तिथले उस्ताद हवालदार भेरूसिंह. पांढऱ्या मिशा, आवाज असा की झाडावरची पाखरं उडतात. सिपायांच्या मनगटावर छडी मारून मारून पकड दुरुस्त करत होते. मी गेले तर सगळं गप्प. मला म्हणाले, "पधारो बाईसाब," आणि उजवीकडे तीन पावलं मागे जाऊन उभे राहिले, नजर लांब टार्गेटवर. मला जे सांगितलं ते सगळं टार्गेटकडे बघून. बाईला काय शिकवायचं, वेळ घालवायचा, असं मनात असणार. असू दे.

त्यांनी पिस्तूल पुढ्यात ठेवलं. वर्षाने बघितलं. डाव्या अंगाला, चापाच्या जरा वर, ते खरखरीत बोंड आहे ना, त्याच्या रेघांत अजून माझं कुंकू होतं. काळपट पडलेलं, पण होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला सासूबाईंनी दाखवलं होतं, "हे शस्त्राचं कपाळ." बाकी सगळं पोलाद गुळगुळीत, कुंकू घसरून जातं. तिथे मात्र बसतं. अंगठ्याने लावायचं आणि भटजींचा मंत्र संपेपर्यंत दाबून धरायचं, उचलायचं नाही. मध्येच अंगठा उचलला तर शस्त्र घरच्यावर उलटतं म्हणे. बावीस वर्षं मी तो अंगठा तसा धरला. आता विधवा. कुंकवाला हात लावायचा नाही.

आज पण उचललं तर अंगठा आपोआप तिथेच गेला. जरा धीर आला.

परीक्षा अशी आहे. पाच गोळ्या भरायच्या, टार्गेटवर झाडायच्या. शेवटची गोळी गेली की वरचा सरकता भाग मागे जातो आणि तसाच उघडा राहतो. उस्ताद त्याला स्लाइड म्हणतात. ते उघडं तोंड साहेबाला दाखवायचं आणि म्हणायचं, खाली, म्हणजे रिकामं. मग मॅगझिन काढायचं, मग स्लाइड बंद.

"आणि उघडं नाही राहिलं तर?" मी विचारलं.

"तो आपको पता कैसे चलेगा बाईसाब, कि भरी है कि खाली? इसी में तो लोग मरते हैं."

पहिली गोळी कुठे गेली ते महाकाळालाच माहीत. हात असा उडाला की बांगड्या असत्या तर फुटल्या असत्या. पाचवी झाडली आणि स्लाइड खाड्कन पुढे येऊन बंद. मी परत चाप दाबला तर नुसतं टिक.

"स्लाइड स्टॉप में गड़बड़ है," उस्ताद टार्गेटला म्हणाले. "मिस्त्री देख लेगा."

चला, पिस्तूल बिघडलंय, मी नाही. टांग्यात बसून गुळपापडीची एक वडी खाल्ली.

१२ सप्टेंबर, बुधवार

मिस्त्री म्हणाला, पिस्तूल एकदम ठीक. त्याने तेलपाणी केलं, रॉकेलने सगळं धुतलं. कपाळावरचं कुंकू गेलं. त्याला काय बोलणार, त्याचं काम त्याने केलं. पण मला वाईट वाटलं.

भेरूसिंहांनी स्वतः पाच झाडल्या. स्लाइड उघडी राहिली. मी पाच झाडल्या. खाड्कन बंद. त्यांनी परत झाडल्या, उघडी. मी, बंद. सिपाई एकमेकांकडे बघायला लागले.

१९ सप्टेंबर, बुधवार

नेम सुधारला. पाचातल्या चार कागदावर, एक तर पार काळ्या गोलात. सिपायांपैकी एक जण चक्क "वाह" म्हणाला आणि उस्तादांनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा बूट बघत राहिला.

पण स्लाइड? बंद. मी जोरात धरलं, बंद. हळू धरलं तर पिस्तूलच हातात वळलं, आणि अंगठ्याने परत घट्ट दाबलं. बंद. उस्ताद मिशी ओढत म्हणाले, "हमारे हाथ में चलती है, आपके हाथ में नहीं चलती. तीस बरस की नौकरी में ऐसा नहीं देखा."

गोळ्या मोजून झाडायच्या ही युक्ती मी काढली. पाच झाल्या की आपणच म्हणायचं, खाली. उस्ताद म्हणाले, नाही चालणार. साहेबाला उघडं तोंड बघायचं असतं, तुमची गिनती नाही. आणि घरात चोर शिरला की गिनती कुणाच्या याद राहते? बरोबर आहे त्यांचं. मला तर शांतपणे पोळ्या मोजतानाही चुकायला होतं.

२७ सप्टेंबर, गुरुवार

पितृपक्ष. यांच्या तिथीसाठी भय्यासाहेब आणि चारुलता आले, आज परत गेले. घर आता शांत आहे आणि मी अजून धुमसतेय.

जयूने जेवताना बडबड केली, की आईच्या हातात पिस्तूल बंद होतं. भय्यासाहेबांनी घास खाली ठेवला. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"वहिनी, मी चेष्टा करत नाही," ते म्हणाले. "आपल्या आजोबांचं पण म्हणणं होतं, शस्त्राला हात कळतो. हवालदाराला चालतं, मिस्त्रीला चालतं. तुम्हाला नाही. कुंकवाचा हात गेला की शस्त्र मानत नाही. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, पण हट्ट सोडा. त्यातून काही भलतंसलतं झालं तर मी दादाला काय तोंड दाखवू?"

आणि डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. आता अशा माणसाशी भांडायचं कसं?

दुपारी चारुलता स्वयंपाकघरात येऊन बसली आणि चौकशा सुरू. अक्का, किती जड असतं? कसं धरता? धक्का कुठे बसतो, खांद्याला की मनगटाला? लाटणं हातात घेऊन स्वतः धरून बघितलं पण. ग्वाल्हेरला जाऊन नवऱ्याला सगळा अहवाल द्यायचा असेल. मी तुटक तुटक उत्तरं दिली. जयूला तिने एक स्वेटर दिला, स्वतः विणलेला. म्हणे, "थंडीत सकाळच्या लेक्चरला होईल." कॉलेज सोडवायला निघालेत आणि स्वेटर लेक्चरसाठी! अक्कल बघा.

ते गेल्यावर मी देवघरात बसून रडले. खरंच असेल का? माझ्याच हाताला काही लागलंय का? बावीस वर्षं जे शस्त्र मी पुजलं ते मलाच ओळखत नाही, हे मला सहन होत नाही.

रडून झालं. तोंड धुतलं. बुधवारी जायचंच आहे.

३ ऑक्टोबर, बुधवार

आज सगळ्यात वाईट. तीनदा झाडलं, तिन्ही वेळा बंद. एकदा तर मला वाटलं संपल्या, आणि पिस्तूल खाली करताना आत अजून एक होती. उस्ताद ओरडले, "नली सामने!" पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. मग लगेच माफी मागायला लागले. मला माफी नको होती. ते ओरडले ते बरोबर होतं. हेच तर ते सांगत होते, की याच्यातच लोक मरतात. यांच्या डबीतल्या गोळ्या आता संपत आल्या आहेत, आणि या बोअरच्या उज्जैनात मिळत नाहीत.

घरी येऊन तूरडाळ निवडायला बसले, नुसतं हाताला काम हवं म्हणून. जयू समोर अभ्यास करत होती.

"आई, अंगठ्याला काय झालं? किसणीवर घासलास?"

बघते तर उजव्या अंगठ्याच्या पेरावर बारीक बारीक रेघा. एकीला एक लागून, आडव्या, लाल. किसणी मी चार दिवसांत हातात घेतली नाही. मी बघत राहिले. त्या रेघा मला ओळखीच्या वाटल्या. आणि मग लक्षात आलं.

डाळीचं सूप बाजूला ठेवलं. ठेवलं कसलं, सांडलंच.

कपाळ! गोळी झाडताना मी कपाळ दाबून धरते. इतकं घट्ट, की त्याच्या रेघा अंगठ्यावर उमटतात. उस्ताद ज्याला स्लाइड स्टॉप स्लाइड स्टॉप म्हणत होते ते कुठे असतं, मी कधी विचारलंच नाही. तेच तर नसेल?

जयूला म्हटलं, "समज, एखादी कडी आपोआप वर उठून दार अडवते, आणि कुणी तिला वरून दाबून धरलं, तर?"

"तर दार बंद होणार," ती म्हणाली. "यात काय विचारायचं?"

बघा. सायन्स शिकवून फायदा होतो.

४ ऑक्टोबर, गुरुवार

बुधवारची वाट कोण बघणार? सकाळीच पोलीस लाइनीत गेले आणि उस्तादांना म्हटलं, खाली पिस्तूल एकदा हातात द्या, गोळी नको. त्यांनी मालखान्याच्या ओसरीवर आणून दिलं.

अंगठा कपाळावर ठेवला, रिकामं मॅगझिन घालून स्लाइड मागे ओढून सोडली. खाड्कन बंद. अंगठा उचलला, परत ओढून सोडली. उघडी! तोंड वासून उघडी! परत केलं. परत. मी वेड्यासारखी हसत होते, आणि ओसरीवरचा संत्री दुसरीकडे बघत होता.

"उस्ताद, हेच ना तुमचं स्लाइड स्टॉप?"

भेरूसिंहांनी कपाळावर हात मारला, स्वतःच्या. "बाईसाब, अंगूठा उस पर? ये तो रंगरूट को पहले दिन सिखाते हैं!"

"मग मला का नाही सांगितलं? पाच बुधवार झाले!"

त्यांनी मिशी ओढली. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "आप सरदार घराने की बाईसाब. हम आपके हाथ की तरफ कैसे देखते?"

म्हणून उजवीकडे उभे, म्हणून नजर टार्गेटवर. अंगठा डाव्या बाजूला, त्यावर माझा पदर. मी समजत होते की मला हलकं लेखतात. बिचारे मान देत होते, आणि त्या मानापायी माझं घर जायला निघालं होतं.

मी म्हटलं, "आता डावीकडे उभे राहायचं. माझ्या हाताकडे बघायचं. अंगठा चढला की ओरडायचं, सिपायांवर ओरडता तसं."

"बाईसाब..."

"हुकूम समजा."

मोकळं मोकळं वाटतंय. पिस्तुलाचा माझ्यावर राग नव्हता. मीच त्याचं तोंड दाबून धरलं होतं.

७ ऑक्टोबर, रविवार

समजलं म्हणजे झालं असं वाटत होतं. कसलं! अंगठा ऐकत नाही. लाटणं धरून सराव करते, अंगठा खाली वळवून मधल्या बोटाला टेकवते, पाण्याचा गडू धरतो तसा. ठीक राहतो. मनात 'ठो' म्हटलं की सरकन वर. बावीस वर्षांची सवय आहे, तिला तरी काय बोलू.

आता पळी तशीच धरते, केरसुणी तशीच धरते, जयूची वेणी घालताना पण फणी तशीच. ती ओरडली, "आई, केस आहेत माझे, काडतुसं नाहीत!"

एक लिहून टाकते. अंगठा उचलला की मला भीती वाटते. काहीतरी सुटेल, काहीतरी उलटेल, अशी. यांच्या शेवटच्या दिवशी पण मी यांच्या कपाळावरून हात काढला नव्हता. सकाळपासून धरून बसले होते. काय उपयोग झाला? गेलेच ना? जायचं ते दाबून धरल्याने राहत नाही, हे मला कळतं. अंगठ्याला कळायला हवं. पाच दिवस आहेत.

१० ऑक्टोबर, बुधवार

शेवटचा सराव. भेरूसिंह डावीकडे उभे राहिले, आधी चोरून बघत, मग नीट. पहिल्या खेपेला दुसऱ्या गोळीला माझा अंगठा चढला आणि ते ओरडले, "अंगूठा!" अख्ख्या माळावर ऐकू गेलं. मला बरं वाटलं, सांगते. वर्षभरात माझ्यावर कुणी असं हक्काने ओरडलं नव्हतं.

ती खेप गेली. दुसरी, उघडी! सिपायांनी टाळ्या वाजवल्या. तिसरी बंद, शेवटच्या गोळीला चढलाच मेला. एक उघडी, दोन बंद. परवा एकदाच संधी, आणि डबीत त्याच्यापुरत्याच गोळ्या आहेत. परवा उस्तादांना बोलायची परवानगी नाही.

घरी येऊन ट्रंका माळ्यावरून काढल्या. जयू रडवेली झाली. मी म्हटलं, "अगं, ऊन दाखवतेय. झुरळं झालीत." झुरळ एक पण नव्हतं.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

नीट लिहिते, घाई नको.

माळावर एक मोठे साहेब, एक इन्स्पेक्टर आणि निम्मी पोलीस लाइन जमलेली. जणू गाढवाचं लग्न! भेरूसिंह लांब, सगळ्यांच्या मागे. त्यांना तिथेच उभं केलं होतं.

गोळ्या मीच भरल्या. उजव्या हातात धरलं, डाव्या हाताने आधार दिला, अंगठा खाली वळवून बोटाला टेकवला. पदर खांद्यावर घेऊन कमरेला खोचला. डोकं उघडं. पन्नास पुरुषांपुढे जन्मात पहिल्यांदा. इन्स्पेक्टरने मान वळवली. मनात म्हटलं, बाबा, आज बघायचं आहे, बघ.

पहिली. कागदावर. दुसरी. तिसरीला हात जरा उडाला आणि अंगठा उठला, मला स्पष्ट कळलं, वर चालला. मी थांबले. साहेब म्हणाले, "चलाइए." नाही चालवलं. मी मोठ्याने म्हटलं, "अंगूठा!" स्वतःलाच. भेरूसिंहांसारखं, पोटातून. मागे कुणीतरी खोकलं. अंगठा गेला खाली.

चौथी. पाचवी.

स्लाइड मागे गेली आणि राहिली. राहिलीच. आतून बारीक धूर आला. मी चार पावलं चालत साहेबांकडे गेले, नळी जमिनीकडे, तोंड त्यांच्यापुढे.

"खाली," मी म्हटलं.

त्यांनी वाकून बघितलं. बोट घालून बघितलं. मी मॅगझिन काढून दाखवलं. मग साहेब म्हणाले, "आप बीच में चिल्लाईं क्यों?"

"आदत थी एक. उसको भगा रही थी."

हसले आणि सही केली. भेरूसिंहांकडे बघितलं तर ते माझ्याकडे सरळ बघत होते, मिशीसकट. मी हात जोडले. त्यांनी खाड्कन सलाम ठोकला, साहेबाला ठोकतात तसा.

कोठीवर जाऊन कागद घेतला. माझं नाव लिहिलंय, सुलोचना इंगळे. कुणाची पत्नी ते खालच्या ओळीत. पिस्तूल टांग्यात मांडीवर घेऊन घरी आले. जयूने दारातच मिठी मारली, मी म्हटलं हळू, हळू. आणि मग दोघी रडलो, पोटभर. ट्रंका परत माळ्यावर.

१३ ऑक्टोबर, शनिवार, खंडेनवमी

सकाळच्या गाडीने भय्यासाहेब आणि चारुलता आले. कागद दाखवला. दोनदा वाचला त्यांनी. माणूस शब्दाचा पक्का, म्हणाले, "ठीक. कबूल केलं होतं. तुम्ही आणि जयू इथेच राहा." पण चेहरा उतरला होता. थोरलं घर हातचं गेलं होतं ना.

मग पूजेची वेळ झाली. पाट, झेंडूची माळ, आपट्याची पानं, सगळं मांडलं. भटजी बसले. मी पिस्तूल आणून पाटावर ठेवलं आणि मागे सरले. इतक्या वर्षांची रीत, विधवेने मागे सरायचं. मी पण सरलेच की.

भय्यासाहेब म्हणाले, "चारू, तू बस पुढे. कुंकू लाव. मी शस्त्र जरा सरळ करतो." आणि हात पुढे केला.

"थांबा," मी म्हटलं.

कुठून आलं तोंडात, कोण जाणे. खरं सांगते, आधी ठरवलं नव्हतं. सकाळपासून पुरण वाटण्यात वेळ गेला, विचार कुठला करणार?

"भय्यासाहेब, कागद परत वाचा. लायसन्स माझ्या एकटीच्या नावावर आहे. दुसऱ्याने हत्याराला हात लावला तर गुन्हा."

"पूजेपुरतं, वहिनी..."

"पूजेपुरतं पण नाही. रियासत गेली, आता सरकारी कायदा आहे. नवे साहेब फार कडक आहेत." साहेब काही इतके कडक नाहीत. पण लिहिलंय ते खरंच आहे.

"मग कुंकू कोण लावणार?" भटजींनी विचारलं. त्यांना बिचाऱ्यांना पुढे आणखी तीन घरं होती.

भय्यासाहेब एकदा माझ्याकडे, एकदा कागदाकडे बघत होते. सरकारी नोकरी केलेला माणूस, त्यांना कायदा मोडता येईना आणि रीत गिळता येईना.

तेवढ्यात चारुलता उठली. कुंकवाचा करंडा तिच्या पुढ्यात होता. तिने तो उचलला, दोन्ही हातांनी, आणि माझ्यापुढे आणून ठेवला. हळूच म्हणाली, "अक्का, बसा. मी उगाच नव्हते विचारत सगळं. मी ग्वाल्हेरला रोज देवाला सांगत होते, मिळू दे म्हणून."

आणि मी तिला काय काय समजले होते! स्वेटर, लाटणं, सगळं आठवलं. माझी मला लाज वाटली आणि तिचा हात धरावासा वाटला, पण भटजी घड्याळ बघत होते.

मी पुढे होऊन पाटापाशी बसले. करंड्यात अंगठा बुडवला. वर्षभराने. कपाळावर लावलं आणि मंत्र संपेपर्यंत दाबून धरलं. हात अजिबात हलला नाही. मंत्र संपला, अंगठा उचलला. काही उलटलं नाही. जयू घंटा वाजवत होती, इतकी जोरात की शेजारच्या अलकाने खिडकीतून डोकावून बघितलं.

आरती झाली. भटजी म्हणाले, आता घरच्यांनी नमस्कार करा. पहिला मान घरातल्या पुरुषाचा. भय्यासाहेब उभे राहिले, टोपी सारखी केली, बराच वेळ तसेच उभे. मग गुडघे टेकून वाकले आणि पाटावर डोकं ठेवलं.

पाटाच्या पलीकडे मीच बसलेली होते. मी उठले नाही.